बाळाची शिदोरी

घरात एखाद्या मुलाला गोवर निघाला म्हणजे पूर्वी एक दृश्य अनेक घरी पाहावयास मिळे. आई धाकट्या भावंडांना मामाच्या नाही तर मावशीच्या घरी धाडून देई, दाराला कडुलिंबाचा डहाळा लावी आणि आजाऱ्याच्या उशाशी आजीला बसवी. आजी त्याचे चिकटलेले डोळे पुशी, त्याला मांडीवर घेऊन पेज भरवी, रात्ररात्र जागे; आणि तिला स्वतःला काहीही होत नसे. “मला कुठला येतो आता गोवर? माझा लहानपणीच येऊन गेला,” असे ती सहज बोलून जाई. आजीने वैद्यकाचा एकही ग्रंथ वाचलेला नसे. परंतु तिच्या त्या वाक्यात एक मोठे शास्त्र दडलेले आहे. एकदा येऊन गेलेला गोवर पुन्हा का येत नाही? शरीराला त्याची आठवण राहते म्हणावे, तर ती राहते कोठे? आणि ज्याच्याजवळ कसलीच आठवण नाही अशा तान्ह्या बाळाचे रक्षण कोण करते?

आजीने जे पाहिले ते फार प्राचीन काळापासून लोक पाहत आले आहेत. इसवी सनापूर्वी ४३० या वर्षी ग्रीस देशातील अथेन्स नगरात एक भयंकर साथ उद्भवली. थ्युसिडिडीस नावाचा इतिहासकार त्या रोगाने स्वतः आजारी पडला आणि सुदैवाने वाचला. त्याने लिहून ठेवले आहे, की रोगातून उठलेली माणसेच आजाऱ्यांची शुश्रूषा निर्धास्तपणे करीत. कारण तो रोग एकाच माणसाला दुसऱ्यांदा गाठत नसे, निदान त्याचा प्राण घेण्याइतका तरी नाही.

तथापि पाहिलेली प्रत्येक गोष्ट सिद्ध झालेली असतेच असे नाही. आजी केवळ योगायोगाने वाचली नसेल कशावरून? किंवा गोवराने मुलेच तेवढी आजारी पडतात, म्हाताऱ्या माणसांना तो होतच नाही, असेही असू शकेल. याचा निकाल लावावयाचा तर असे एखादे गाव हवे, की जेथे गोवर एकदा येऊन गेला आहे आणि नंतर दोन पिढ्या तेथे फिरकलेलाच नाही. असे ठिकाण मुद्दाम कोण निर्माण करणार? परंतु निसर्गाने ते निर्माण करून ठेवले होते.

उत्तर अटलांटिक महासागरात, स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या मध्ये, फेरो नावाची लहान लहान अठरा बेटे आहेत. उघडे डोंगर, त्यांवर गवत, गवतावर मेंढ्या आणि सभोवती खवळलेला समुद्र. हा मुलूख डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होता. तेथे १७८१ साली गोवराची साथ आली होती. त्यानंतर पासष्ट वर्षे त्या बेटांवर गोवराचे नाव नव्हते. पुढे १८४६ च्या वसंत ऋतूत कोपनहेगनहून एक सुतार जहाजाने तेथे उतरला. येताना त्याच्या अंगात गोवर होता, हे त्यालाही ठाऊक नव्हते. थोड्याच दिवसांत तो आजारी पडला, मग त्याचे मित्र पडले आणि पाहता पाहता बेटांमागून बेटे अंथरुणाला खिळली. सारी लोकवस्ती सुमारे ७,८००. त्यांतील सुमारे ६,००० माणसांना गोवर झाला. शेतात काम करावयास, नाव वल्हवावयास, मेंढ्या राखावयास माणूस मिळेना. शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

डेन्मार्क सरकारने दोन तरुण डॉक्टर पाठविले. त्यांपैकी पीटर पानुम हा अवघा पंचवीस वर्षांचा होता. औषध देण्यासारखे त्याच्याजवळ फारसे नव्हते. कारण गोवरावर त्या काळी औषध नव्हतेच. परंतु त्याने एक काम चोखपणे केले. उघड्या नावेतून तो या बेटावरून त्या बेटावर गेला, घरोघर बसला आणि विचारीत सुटला : कोण कोणत्या दिवशी आजारी पडले, त्याआधी घरी कोण पाहुणा आला होता, तुम्ही कोणत्या गावी गेला होता? शहरात अशा प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. तेथे दिवसातून शेकडो माणसे भेटतात. फेरो बेटांवर मात्र परका माणूस येणे हाच सोहळा असल्यामुळे प्रत्येकाला तारीख पाठ होती.

त्याच्या टिपणातील एक हकीकत पाहा. एका दूरच्या खेड्यातील दहा पुरुष ४ जून रोजी नावेतून दुसऱ्या गावी देवमाशांच्या शिकारीला गेले होते. ते परत आले आणि नेहमीप्रमाणे कामाला लागले. १८ जून रोजी त्या दहाही जणांच्या अंगावर गोवराचे पुरळ उठले ! एकाच दिवशी लागण, एकाच दिवशी पुरळ. मध्ये बरोबर चौदा दिवस. गोवर हा हवेतून आपोआप उपजत नाही, तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो आणि अंगात शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत त्याला सुमारे दोन आठवडे लागतात, हे पानुमने अशा रीतीने दाखवून दिले.

आता म्हाताऱ्या माणसांकडे वळू. १७८१ साली ज्यांना बालपणी गोवर झाला होता असे अनेक वृद्ध १८४६ साली हयात होते. त्यांच्या घरांत मुले, सुना, नातवंडे तापाने फणफणत होती. पण त्या वृद्धांपैकी एकालाही गोवर झाला नाही. मग म्हातारपण हेच त्यांचे कवच असेल काय? नाही. कारण जे वृद्ध १७८१ च्या साथीत काही कारणाने वाचले होते, ते या वेळी तरुणांप्रमाणेच आजारी पडले. दोघांचेही केस पांढरे, दोघांचेही घर तेच, अन्न तेच. फरक एवढाच, की एकाच्या शरीराने गोवर पूर्वी पाहिला होता आणि दुसऱ्याच्या शरीराने तो पाहिला नव्हता. पासष्ट वर्षांत मनुष्य आपल्या बाळपणीच्या सवंगड्यांची नावे विसरतो. शरीर मात्र शत्रूचा चेहरा विसरले नाही.

ही आठवण कोण ठेवते, हे कळावयास आणखी बरीच वर्षे लागली. १८८२ सालच्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट. इटलीतील मेसिना येथे एल्या मेच्निकॉव्ह नावाचा रशियन शास्त्रज्ञ राहत होता. घरातील मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहण्यास गेली होती आणि हा गृहस्थ एकटाच सूक्ष्मदर्शक यंत्रात डोळा घालून बसला होता. समोर तारामाशाचे काचेसारखे पारदर्शक पिल्लू होते आणि त्याच्या शरीरात काही पेशी इकडून तिकडे फिरत होत्या. त्याला वाटले, या पेशी बाहेरच्या शत्रूवर चालून जात असतील काय? तो उठला, बागेतून गुलाबाचे काही काटे आणले आणि ते त्या पिल्लांच्या कातडीखाली खुपसले. त्या रात्री त्याला झोप आली नाही. पहाटे पाहतो तो काय, फिरत्या पेशींनी काट्याला चारी बाजूंनी गराडा घातला होता ! आपल्या बोटात कुसळ मोडले म्हणजे तेथे लाल होते, ठणकते, पू धरतो, ते हेच. पुवामध्ये लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी फार असतात. या शोधाबद्दल मेच्निकॉव्हला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या भक्षक पेशी म्हणजे गावच्या वेशीवरचे जागले होत. दिसेल त्या परक्याला ते अडवितात. हा कोण, पूर्वी कधी आला होता काय, याची चौकशी ते फारशी करीत नाहीत. आठवण ठेवण्याचे काम दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींकडे आहे. त्यांच्यात एक चमत्कारिक व्यवस्था असते. या पेशी असंख्य आहेत आणि प्रत्येकीच्या अंगावर निराळ्या आकाराचा जणू एकेक साचा असतो. एखादा जंतू शरीरात शिरला, की लाखो पेशींमधून ज्या थोड्या पेशींचा साचा त्याच्याशी जुळतो त्या तेवढ्या जाग्या होतात आणि भराभर वाढू लागतात. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, असे करीत त्यांची फौज उभी राहते. मग त्या आपल्या साच्यासारखेच अतिसूक्ष्म कण रक्तात सोडतात. त्यांना प्रतिपिंड म्हणतात. प्रतिपिंड जंतूला जाऊन चिकटतात, त्याला पेशीत शिरू देत नाहीत आणि भक्षक पेशींना त्याची ओळख पटवून देतात.

या साऱ्या तयारीला पहिल्या खेपेस आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्यात जंतूने शरीरात धुमाकूळ घातलेला असतो. आपण आजारी पडतो ते याच काळात. पुढे जंतू हटतात, फौजेतील बहुतेक पेशी मरून जातात. पण काही मागे राहतात. कोणी हाडांच्या मगजात, कोणी काखेतील व मानेतील गाठींत दबा धरून बसतात. तोच जंतू पुन्हा आला तर या जुन्या पेशी लगोलग कामाला लागतात आणि आपल्याला पत्ताही न लागता शत्रूचा निकाल लागतो. फेरो बेटांवरील म्हाताऱ्यांच्या अंगात पासष्ट वर्षे हेच पहारेकरी बसले होते.

“असे आहे तर सर्दी पुन्हा पुन्हा का होते?” असा प्रश्न तुमच्यापैकी एखाद्याच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. गोवराचा विषाणू एकच. जगात कोठेही जा, त्याचा चेहरा तोच. सर्दी उत्पन्न करणारे विषाणू मात्र दोनशेहून अधिक आहेत. एकाची ओळख पटते न पटते तोच दुसरा दाराशी उभा ! म्हणूनच दोन-तीन वर्षांच्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-पडसे होणे यात नवल नाही. आई काळजीत पडते, शेजारीण म्हणते पोर फार नाजूक आहे. वस्तुतः त्या मुलाची वही अजून कोरी असते आणि प्रत्येक सर्दीबरोबर तिच्यात एकेक पान लिहिले जात असते. तुम्हांला आता वर्षातून तितक्या वेळा सर्दी होत नाही, कारण तुमची बरीच पाने भरली आहेत.

आता कोऱ्या वहीच्या धन्याकडे, म्हणजे तान्ह्या बाळाकडे येऊ. आईच्या उदरात ते नऊ महिने जंतूंपासून दूर होते. जन्मताच ते हवा, पाणी, हात, कपडे, माणसे यांच्या बाजारात येऊन पडते. त्याच्या अंगी कोणतीही आठवण नाही. तरीही पहिल्या काही महिन्यांत बाळाला गोवर सहसा होत नाही. हे कसे?

याचे उत्तर बर्लिन येथील पाउल एर्लिख या शास्त्रज्ञाने १८९२ च्या सुमारास उंदरांवर प्रयोग करून शोधले, आणि त्या प्रयोगात आपल्या ओळखीची एक वस्तू होती. तुम्ही गुंज पाहिली असेल. लालचुटूक, तोंडाशी काळी, इवलीशी बी. आपले सोनार पूर्वी तिने सोने तोलीत. ती दिसावयास जितकी सुंदर, तितकीच आतून विषारी असते. फोडून किंवा चावून पाहण्याचा मोह कोणी करू नये. एर्लिखने गुंजेचे आणि एरंडाच्या बीचे विष उंदरांना प्रथम अगदी कणभर दिले, मग हळूहळू मात्रा वाढविली. काही आठवड्यांनी ते उंदीर इतके कणखर झाले, की इतर उंदीर ज्या मात्रेने मरत त्याच्या कितीतरी पट विष ते पचवू लागले. त्यांच्या रक्तात त्या विषाविरुद्ध प्रतिपिंड तयार झाले होते.

पुढचा प्रश्न असा, की या उंदरांच्या पिल्लांना हे सामर्थ्य मिळते काय? बाप कणखर आणि आई साधी असेल तर पिल्लांना काहीही मिळत नसे. आई कणखर असेल तर मिळत असे. मग एर्लिखने पिल्लांची अदलाबदल केली. साध्या आईची पिल्ले कणखर आईच्या दुधावर वाढविली आणि कणखर आईची पिल्ले साध्या आईकडे दिली. कणखर आईचे दूध प्यालेली परकी पिल्लेसुद्धा विषाला पुरून उरली. उलट साध्या आईकडे गेलेल्या पिल्लांजवळ जन्माच्या वेळी जे होते ते लवकरच सरले. यावरून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. आई आपल्या बाळाला जन्मापूर्वी रक्तातून आणि जन्मानंतर दुधातून प्रतिपिंडांची शिदोरी बांधून देते, ही एक. आणि ही शिदोरी बाळाने स्वतः कमावलेली नसल्यामुळे ती पुढे संपते, ही दुसरी.

मनुष्याच्या बाळाची गोष्ट उंदराच्या पिल्लापेक्षा थोडी निराळी आहे. आईच्या रक्तातील प्रतिपिंड वारेतून बाळाच्या रक्तात जातात आणि त्यांतील मोठा वाटा गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत जातो. त्यामुळे दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाची शिदोरी हलकी असते व त्याला फार जपावे लागते. आईला लहानपणी गोवर झालेला असेल किंवा तिने लस टोचून घेतली असेल, तर गोवराचे प्रतिपिंड तिच्याकडून बाळाला मिळतात. जे आईजवळ नाही ते ती देणार कोठून?

दुधातील प्रतिपिंड मात्र आपल्या बाळाच्या रक्तात फारसे जात नाहीत. ते त्याच्या घशाच्या व आतड्यांच्या आतल्या बाजूला जणू लेप देऊन बसतात आणि जुलाबाच्या जंतूंना आत शिरू देत नाहीत. सर्वांत अधिक प्रतिपिंड असतात ते बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतील दाट, पिवळसर चिकात. आपल्याकडे अनेक ठिकाणी हा चीक वाईट समजून पिळून टाकीत आणि बाळाच्या जिभेवर मध किंवा साखरेचे पाणी घालीत. गाईचा चीक आणून आपण घरी आवडीने खरवस करावयाचा आणि बाळाचा हक्काचा चीक मात्र फेकून द्यावयाचा, हा मोठाच उलटा व्यवहार होता ! मधाविषयी तर आज निश्चित ठाऊक आहे, की त्यात कधीकधी एका घातक जंतूची बीजे असतात. मोठ्या माणसाला त्यांचा उपद्रव होत नाही, पण एक वर्षाच्या आतील बाळाला त्यांच्यामुळे गंभीर आजार होऊ शकतो. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, देण्याची आवश्यकता नसते.

आईच्या दुधाची आणखी एक करामत सांगण्यासारखी आहे. आई ज्या घरात वावरते त्याच घरात बाळ वावरते. घरातील जंतू आईच्याही पोटात जातात. तिच्या आतड्यांतील पांढऱ्या पेशी ते ओळखतात, तेथून त्या स्तनापर्यंत पोहोचतात आणि नेमक्या त्याच जंतूंविरुद्धचे प्रतिपिंड दुधात उतरतात. म्हणजे ज्या शत्रूशी बाळाची गाठ पडावयाची, त्याच्यापुरते शस्त्र रोज ताजे घडविले जाते. कोणत्याही कारखान्यातील दुधाच्या भुकटीला हे साधलेले नाही.

परंतु वारेतून मिळालेली शिदोरी दिवसेंदिवस कमी होत जाते. वर्षाच्या आतच गोवराचे प्रतिपिंड बहुधा संपतात. बाळ याच सुमारास रांगू लागते, दिसेल ते तोंडात घालते, कडेवर बसून बाजारात आणि लग्नकार्यांत जाऊ लागते. जुनी शिदोरी सरली आणि नवी कमाई झाली नाही, असा हा आडरानातला टप्पा आहे. पूर्वी असंख्य बालके याच टप्प्यावर गोवर, डांग्या खोकला आणि घटसर्प यांना बळी पडत.

आजारी न पडता आठवण मिळविता आली तर? ही युक्ती प्रथम देवी या रोगाविरुद्ध साधली. इंग्लंडमधील एडवर्ड जेन्नर या डॉक्टरने १७९६ साली एका आठ वर्षांच्या मुलाला गाईच्या सौम्य देवींची लस टोचली आणि तो मुलगा माणसाच्या भयंकर देवींपासून सुरक्षित झाला. ही लस बसरामार्गे मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी तेथील ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. हिंदुस्थानात टोचलेली ही पहिली लस. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीच्या रोगाचे पृथ्वीवरून निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. तुमच्या आजी-आजोबांच्या दंडावर देवी काढल्याचे वण असतील. तुमच्या दंडावर ते नाहीत, याचे कारण हेच.

गोवराची लस यावयास मात्र बराच काळ गेला. १९५४ साली अमेरिकेतील बोस्टन शहराजवळच्या एका शाळेत गोवराची साथ होती. डॉक्टर एंडर्स यांचे सहकारी डॉक्टर पीबल्स यांनी तेथील एका आजारी मुलाचे थोडे रक्त घेतले व त्यातील विषाणू प्रयोगशाळेत वाढविला. तो पुन्हा पुन्हा निरनिराळ्या पेशींत वाढवीत नेऊन इतका दुबळा केला, की शरीरात गेल्यावर त्याने आजार करू नये, पण ओळख मात्र पटवून द्यावी. १९६३ साली ही लस अमेरिकेत वापरात आली. भारतात १९८५ साली सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात तिचा समावेश झाला.

ही लस आपल्याकडे बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. जन्मताच का देत नाहीत? येथे शिदोरीची गोष्ट पुन्हा येते. आईचे प्रतिपिंड बाळाच्या रक्तात असताना लस टोचली, तर ते लसीतील दुबळ्या विषाणूलाच शत्रू समजून नाहीसे करतात. बाळाच्या स्वतःच्या पेशींना तो पाहावयासच मिळत नाही. फार थांबावे, तर मधल्या काळात खरा गोवर गाठावयाचा. नऊ महिने हा या दोन संकटांमधून काढलेला मार्ग आहे. एवढे करूनही काही बाळांत आईचे थोडे प्रतिपिंड उरलेले असतात, म्हणून सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसऱ्यांदा टोचतात. डांग्या खोकल्याची शिदोरी तर आईकडून फारच तुटपुंजी मिळते. म्हणून ती लस दीड महिन्यापासूनच सुरू करावी लागते. दीड, अडीच आणि साडेतीन महिने या तीन खेपा बहुतेक आयांना तोंडपाठ असतात.

काही लोक म्हणतात, “गोवर येऊन जाऊ द्यावा, त्याने मूल चांगले पक्के होते.” हे म्हणणे फार महाग पडणारे आहे. गोवरामागून फुप्फुसाचा दाह, जुलाब, कानाचे दुखणे येते. काहींची दृष्टी जाते, काही दगावतात. शिवाय गोवराची एक चोरी अलीकडेच उघडकीस आली. नेदरलँड्स देशातील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे रक्त गोवर येण्यापूर्वी व येऊन गेल्यावर तपासण्यात आले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात असे दिसले, की इतर जंतूंविरुद्ध त्यांनी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी कोणाचे ११ टक्के, तर कोणाचे ७३ टक्क्यांपर्यंत नाहीसे झाले होते ! गोवराचा विषाणू आठवण ठेवणाऱ्या पेशींनाच गाठून मारतो. वहीत एक पान लिहून देतो आणि आधीची कित्येक पाने फाडून नेतो. गोवरातून उठलेले मूल पुढे बराच काळ वारंवार आजारी पडते, असे जुन्या बायका म्हणत. त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. लसीतील दुबळा विषाणू मात्र ही चोरी करीत नाही.

फौज उभारावयाची तर तिला शिधा लागतो. ज्या बाळाला पुरेसे अन्न मिळत नाही त्याच्या पेशी वेळेवर वाढत नाहीत आणि साधा आजारही त्याला जड जातो. आजाराने भूक मंदावते, त्यामुळे शरीर आणखी खंगते. सहा महिन्यांनंतर दुधाच्या जोडीला मऊ वरणभात, मुगाची खिचडी, नाचणीची खीर, कुस्करलेले केळे, चालत असल्यास अंडे, हे बाळाला मिळावयास हवे. गोवरात ‘अ’ जीवनसत्त्वाची तर फार ओढ लागते. ते कमी पडले तर डोळ्यांवर घाला येतो. म्हणून गोवराच्या रोग्याला डॉक्टर त्याची मात्रा देतात आणि नऊ महिन्यांच्या बाळालाही लसीबरोबर ते पाजतात. शेवग्याचा पाला, तांबडा भोपळा, गाजर, पपई, आंबा यांतून शरीराला ते मिळते. बाजारात प्रतिकारशक्ती वाढविणारी म्हणून जी रंगीत बाटल्यांतील औषधे विकतात, त्यांच्या किमतीत महिनाभराची पालेभाजी आणि डाळ येते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

गोवर अतिशय लागट आहे. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्याचे विषाणू तेथील हवेत तरंगत राहतात. ज्या वस्तीत कोणालाच संरक्षण नाही तेथे एका रोग्यापासून बारा ते अठरा जणांना लागण होते. त्याला रोखावयाचे तर शंभरांतील पंच्याण्णव जणांनी तरी दोन्ही खेपा टोचून घेतलेल्या असाव्या लागतात. करोनाच्या साथीच्या काळात अनेक बालकांचे लसीकरण मागे पडले आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या दाट वस्तीत, गोवर पसरला. काही बालके त्यात दगावली. आरोग्यसेविकांनी घरोघर जाऊन लस न घेतलेली मुले शोधून काढली, तेव्हा तो आटोक्यात आला.

नऊ महिन्यांच्या आतील बाळाला ही लस सहसा देत नाहीत आणि त्याची शिदोरी तर संपत आलेली असते. अशा बाळाभोवती कुंपण असते ते घरातील मोठ्या मुलांचे. शाळेतून घरी गोवर आणणार तुम्ही, किंवा न आणणारही तुम्हीच. तुमच्या दोन्ही खेपा झाल्या आहेत की नाहीत, हे आईने जपून ठेवलेल्या लसीकरणाच्या कार्डावर लिहिलेले असते. ते कार्ड पाहताना एक रकाना आणखी पाहा. धनुर्वात आणि घटसर्प यांची आठवण गोवराइतकी दीर्घकाळ टिकत नाही, म्हणून त्यांची लस दहाव्या वर्षी पुन्हा टोचतात. तुमच्यापैकी बहुतेकांची ती झाली असेल. नसेल, तर जवळच्या आरोग्यकेंद्रात ती विनामूल्य मिळते. त्यापुढची सोळाव्या वर्षी.